जाऊन आलेली रुबी

रुबी,

तुझी मय्यत घरातून निघाली तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. अकोल्याचा मे महिना. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. त्या खोलीत कसं बसायचं, काय म्हणायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं. डोक्यावर घेतलेला पदर सारखा घसरत होता. शेवटी तुझ्या चाचींनी तो माझ्या कानामागे खोचून दिला आणि म्हणाल्या, "ऐसेच बैठो बेटी." अम्मी तुझ्या पायाशी होत्या. त्या रडत नव्हत्या. कफनाची एक घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या, जन्मभर तुमच्या दुकानात गाद्यांच्या खोळी सारख्या करत आल्या तशी. मग तुझे भाऊ सलीमभाई दारात येऊन उभे राहिले. अम्मींनी हात काढून घेतला आणि पुरुष तुला घेऊन गेले. दार उघडंच राहिलं. उन्हाचा पट्टा चटईपर्यंत आला, पण उठून ते लोटावं असं कुणालाच वाटलं नाही.

माझ्या मागे तुमच्या मोहल्ल्यातली एक बाई दुसरीला म्हणत होती, "इतनी पढी, बाहर रहके आई. मिला क्या?" तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हळहळच होती. मला मागे वळून काहीतरी म्हणायचं होतं. पण काय म्हणणार होते? हाच प्रश्न मी तुझ्या बाजूने वर्षानुवर्षं चिडून विचारत आले होते. आणि त्याचं उत्तर शेवटच्या भेटीत तू देता देता राहिलीस.

आपण अमरावतीला एम.ए.ला भेटलो. तू अकोल्याहून पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरायचीस, तिथून ऑटो. मी भातकुलीहून एसटीने. आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर घेणारे आपण मोजकेच होतो. बाकीच्यांनी दुसरा पेपर घेतला होता, कारण त्याच्या नोट्स बाजारात तयार मिळायच्या. आपल्याला तो विषय कुणी समजावून दिला नव्हता. घरच्यांना तर त्याचं नावही नीट घेता येत नव्हतं.

तू पहिल्यांदा आमच्याकडे भातकुलीला आलीस तेव्हा माझ्या बाबांनी तुला जेवता जेवता विचारलं, "हे आंतरराष्ट्रीय म्हणजे काय शिकून राहिल्या तुमी? या देशाचं त्या देशाशी काहून पटत नाही, तेच ना? मंग आमच्या धुऱ्याचं भांडण मिटवून दाखवा." आमच्या आणि थोरल्या काकांच्या वावरामधल्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मी लाजून चूर झाले. तू मात्र हात धुतलेस आणि म्हणालीस, "दाखवा कुठं हाय धुरा." त्या दुपारी तू बांध पाहिलास, पलीकडे जाऊन काकांशी बोललीस, आमच्या बायांबरोबर थोडा कापूसही वेचलास आणि बोटं टोचून घेतलीस. संध्याकाळी बाबांना सांगितलंस, "बाबा, भांडण धुऱ्याचं नाही. त्या बाभळीच्या सावलीत कोणाचे बैल बसतीन, त्याचं हाय. जमिनीचं सोडा, सावलीचं बोला."

भांडण काही मिटलं नाही, रुबी. पण बाबा तेव्हापासून तुला वकिलीणबाई म्हणू लागले, आणि तू आली नाहीस की विचारू लागले.

मग तुला अंकाराच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. तुर्कस्तानात, आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या पदवीसाठी. माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. मला कुठे जायचं आहे का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही तो प्रश्न कधी पडला नाही. तुझ्या घरी मात्र रोज माणसं येऊन बसायची. तुझे मामू, फुफा, मशिदीजवळचे कुणी कुणी. लडकी, आणि अकेली? अब्बू ऐकून घ्यायचे. एका दिवशी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसूनच त्यांनी सगळ्यांना एकदम उत्तर दिलं. "इस शहर का कपास सारी दुनिया में जाता है. मेरी बेटी नहीं जा सकती?" आणि त्यांनी तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने एक रजई भरली. ती एवढी जाड झाली की तुझी अर्धी पेटी तिनेच भरून गेली. पुस्तकं काढून ठेवावी लागली म्हणून तू रडलीस, आणि तिथे पहिला बर्फ पडल्यावर फोन करून पुन्हा रडलीस.

सुरुवातीचे ते फोन मला आठवतात. "वंदे, इथं मले कोणीच ओळखत नाही. बरं वाटते, अन् जीवही घाबरते." वर्गात समजत नव्हतं. तुर्की येत नव्हती आणि तुझी इंग्रजी तिथल्यांना कळत नव्हती. एका खोलीत चौघी होतात, पण दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. मग एकदा तुझा आवाज वेगळाच आला. तू बाजारात गेली होतीस. "अव, दुकानाले इथं दुकानच म्हणतात! साबणाले साबून, हप्त्याले हफ्ता, मैदानाले मेयदान. मी त्या दुकानदारासमोर उभी राहून एकेका वस्तूचं नाव इचारून राहिली होती. त्याले वाटलं पोट्टी पागल हाय." तू हसत होतीस. मी इकडे सासरच्या ओट्यावर फोन धरून उभी होते आणि पहिल्यांदाच मला तुझा हेवा वाटला.

त्यानंतरची ती वर्गातली गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मी स्वतः तिथे होते असं वाटतं. प्रत्येकाने आपल्या देशाबद्दल बोलायचं होतं. तुझ्याकडून सगळ्यांना दिल्ली हवी होती, सीमा आणि शस्त्रं हवी होती. तू उठून अकोल्याच्या कापूस बाजाराबद्दल बोललीस. इथला भाव दुसऱ्याच कुठल्या देशात कसा ठरतो, ते सांगितलंस. तास संपल्यावर दोघं तुझ्याजवळ आले. तुर्कस्तानातल्याच अदानाकडची झेनेप आणि माली देशातला इब्राहिम. दोघांच्याही घरी कापूस. झेनेपने तुला नुसती स्वतःची बोटं दाखवली, बोंडाने टोचल्याच्या जुन्या खुणांची. "तुमच्या वावरात त्या दिवशी बोटं टोचून घेतली नसती ना, त मले ते समजलंच नसतं," तू म्हणायचीस. पुढे तिघांनी मिळून त्याच विषयावर काम केलं.

"आपण अमरावतीत बसून जगाचा अभ्यास करत होतो वंदे," तू एकदा म्हणालीस, "अन् त्या जगात अकोला धरतच नव्हतो."

मी माझ्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना हे वाक्य दरवर्षी सांगते. तुझं नाव घेऊन सांगते.

आणि मग अब्बू गेले. तिकडे बर्फाने सगळं बंद होतं. तिकीट मिळून तू निघाली असतीस तरी उपयोग नव्हता, माती त्याच दिवशी द्यायची होती. सलीमभाईंनी मला कळवलं आणि मी अकोल्याला गेले. तू येऊ शकत नव्हतीस म्हणून गेले, दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. अम्मींना बोलता येईना. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. तू रडली नाहीस. म्हणालीस, "काय काय झालं सगळं सांग. काही सोडू नको." मी सांगत गेले. कोण आलं, कुणी आंघोळ घातली, दुकान कुणी बंद केलं, कापसाचे तंतू त्यांच्या मिशीत शेवटपर्यंत अडकलेले होते तेही. तू मध्ये मध्ये फक्त "हं" म्हणत होतीस. म्हणून तुझंही सगळं सांगते आहे. तुझ्या वेळी फोन करून मला असं विचारणारं कुणी नव्हतं.

पदवी घेऊन तू परत आलीस. सगळ्यांना वाटलं, आता ही दिल्लीला जाणार, मोठ्या कचेरीत बसणार. तू दिल्लीला मुलाखती देऊनही आलीस. त्यांचं पुढे काही झालं नाही. अम्मी एकट्या, सलीमभाई दुकानात अडकलेले. तू अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागलीस आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेच्या क्लासात. तिथे मुलांकडून कुठल्या संस्थेचं मुख्यालय कुठे आहे, ते पाठ करून घ्यायचीस. पुन्हा तीच गाडी, तेच बडनेरा. मला ते पाहवायचं नाही. मी म्हणायचे, "यासाठी गेली होतीस का तू एवढ्या दूर?" तू म्हणायचीस, "डबा उघड, भूक लागली."

आणि मग बडनेऱ्याची संगीता आली. रेल्वे क्वार्टरच्या मागे राहणारी, क्लासातल्या एका मुलीची आई. तिचा नवरा आखातात वेल्डर म्हणून गेला होता. तिथल्या ठेकेदाराने त्याचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला होता, काम संपलं तरी सोडत नव्हता. नवऱ्याचे फोन येणं बंद झालं होतं. ती सगळीकडे फिरून आली होती. तू तिला सैपाकघरात बसवून सगळं विचारून घेतलंस. त्यानंतर कित्येक महिने तू वकिलातीला लिहीत होतीस, फोन करत होतीस. तिथल्या कायद्यात काय बसतं ते वाचत होतीस. तिथे काम करणाऱ्या कुणाकुणाला शोधत होतीस. झेनेपच्या ओळखीतून एक वकील मिळाला. तो माणूस परत आला, रुबी. अर्धा झालेला, पण आला.

तेव्हा तुझ्या कॉलेजातले एक सर म्हणाले होते, "मॅडम, एवढ्यासाठी परदेशी शिकायची काय गरज होती?" तू शांतपणे म्हणालीस, "सर, तिकडं राहायच्या परवान्यासाठी पोलीस ऑफिसच्या रांगेत मी पासपोर्ट छातीशी धरून उभी राहिली आहे. तो हातातून गेला की माणसाचं काय होते, ते मले पुस्तकात नव्हतं समजलं."

तो वेल्डर तुझ्या जनाज्याला खांदा द्यायला अकोल्याला आला होता. संगीता बायकांत बसली होती, माझ्या शेजारी.

आता आपल्या भांडणाकडे येते. मी ते टाळत होते.

माझ्या मुक्ताने तुझ्यामुळे हा विषय घेतला. लहानपणापासून तिने मावशीच्या गोष्टी ऐकल्या. बी.ए. झालं आणि तिला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्या संध्याकाळी तू क्लास सुटल्यावर आमच्याकडे आलीस. मी आनंदाने तुझ्या हातावर पेढा ठेवला. मला वाटलं, तू मुक्ताला कवटाळशील. तू पेढा हातात तसाच धरून बसलीस. मुक्ता चहा करायला आत गेली तेव्हा हळूच म्हणालीस, "नको पाठवू."

"काय म्हटलं?"

"आत्ताच नको पाठवू तिले."

"हे तू बोलून राहिली रुबी? तू?"

"मीच बोलीन ना. जाऊन आली म्हणून बोलून राहिली."

मला राग आला. इतकी वर्षं मी ज्याला त्याला तुझं उदाहरण देत आले होते. मी म्हटलं, तुझा अब्बू होता म्हणून तू गेलीस, आता माझी मुलगी जाते तर तुला काय होतं? तू चिडली नाहीस. "जाण्याचं सगळेच बोलतात वंदे. परत येणाऱ्याचं काय होते, ते कोणी नाही सांगत. तिकडं मी इकडची होती. इकडं आली त बाहेरून आलेली झाली. अम्मीच्या सैपाकघरात अजूनही मी पाहुणीसारखी उभी राहते. कुठंच पूर्ण बसता येत नाही मंग. तुले वाटते ही पोट्टी शिकून येईन. ती येईन, पण हीच येणार नाही."

मुक्ता दारात कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "मावशी, मग तू गेलीस ते चुकलं का?"

तू तिच्या हातातला कप घेऊन खाली ठेवलास. "नाही बेटा. चुकलं असतं त सोपं झालं असतं."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "तिकडून काय आणलं, ते मले सगळेच इचारतात. तिकडं काय ठेवून आली, ते आजवर कोणीच नाही इचारलं."

मी विचारलं, रुबी. त्याच क्षणी विचारलं, "काय ठेवून आलीस?"

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तुझ्या गाडीची वेळ झाली होती. तू चप्पल घालता घालता म्हणालीस, "पुढल्या येण्यात सांगीन. लंबी गोष्ट हाय." पेढा तू रुमालात बांधून अम्मींसाठी नेलास.

त्यानंतर परीक्षा लागल्या. फोनवर तू तेच म्हणत राहिलीस, मी तेच म्हणत राहिले. आणि मग एका दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर, अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना, तुझं डोकं दुखायला लागलं. क्लासातल्या मुली सोबत होत्या. तू त्यांना म्हणालीस, जरा बसते, आणि बाकावर बसलीस ती कलंडलीस. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू बेशुद्ध होतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला आहे. मुक्ता तुझे तळवे चोळत होती. कुणीतरी तिला सांगितलं, आता त्याचा उपयोग नाही. तरी ती चोळत राहिली.

लंबी गोष्ट तशीच राहिली.

झेनेपचा फोन आला होता. सलीमभाईंनी मला बोलायला दिलं, कारण तिची इंग्रजी त्यांना कळेना. ती खूप रडत होती. म्हणाली, तिची म्हातारी आई दर उन्हाळ्यात विचारते, अकोल्याला किती तापलं आहे? अदानाजवळच्या कुठल्याशा गावात एक म्हातारी अकोल्याच्या उन्हाची काळजी करते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुमच्या मोहल्ल्यातल्या त्या बाईला आता हे सांगावंसं वाटतं. तिला ते पुरेल की नाही, माहीत नाही. मला काही दिवस पुरतं, मग पुरत नाही.

झेनेपचा नंबर माझ्याकडे आहे. तू तिकडे काय ठेवून आलीस, ते तिला नक्की माहीत असणार. एखादं माणूस असेल, एखादं काम, किंवा नुसती तिथली तू. विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ते तू सांगणार होतीस. दुसऱ्या कुणाकडून मला ते नको.

गेल्या आठवड्यात मुक्ता माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आई, मी गेले नाही तरी चालेल. मावशी नको म्हणत होती."

मी तिला म्हटलं, "मावशीला नको म्हणायचा हक्क होता, ती जाऊन आली होती. मी कुठेच गेले नाही. मी कोणत्या तोंडाने तुला नको म्हणू?"

ती म्हणाली, "आणि तिचं खरं निघालं तर?"

"तर परत येशील तेव्हा मी तुला आधी तेच विचारीन, जे तिला विचारायला आम्हाला एवढा उशीर झाला."

मुक्ता रडली. मीही. पण ठरलं.

काल मी अकोल्याला आले होते. अम्मींकडे बसले. त्या आता कमी बोलतात, समोरच्या माणसाचा हात धरून ठेवतात. निघताना सलीमभाई म्हणाले, "ताई, आमच्याकडं बाया कब्रस्तानात आत नाही जात. पण गेटापर्यंत घेऊन चालतो तुमाले, पायजे असन त." त्यांच्या गाडीवर मागे बसून मी आले. कब्रस्तानाचं फाटक लोखंडी आहे, उन्हाने इतकं तापलेलं की हात लावता येत नव्हता. सलीमभाईंनी बोट करून दाखवलं, त्या कडुनिंबाच्या अलीकडे, माती अजून ओली दिसते ती. कुणीतरी रोज पाणी घालतं. ते कोण, ते मी विचारलं नाही.

मी फाटकातूनच तुला सांगितलं. मुक्ता जाते आहे. भांडण माझ्या बाजूने सुटलं असं समजू नकोस. तुझं म्हणणं मला अजून पुरतं कळलेलं नाही.

सलीमभाई मागून म्हणाले, "काही बोलल्या काय ताई?"

"तुमाले नाही," मी म्हटलं. "तिच्याशी बोलून राहिली."

ते बाजूला जाऊन उभे राहिले. ऊन कानाशी वाजत होतं. मी थांबले, बराच वेळ थांबले. उत्तर द्यायला तू कधी इतका वेळ लावला नव्हतास.